रेडिओवर सारंगी, आमच्या घरात पेटी

काळी चार | शनिवार, रात्री ११:१२

आज माळा आवरताना अण्णांची पेटी खाली काढली. भात्याला उंदरांनी तोंड लावलंय, दोन पट्ट्या खाली बसल्यात त्या उठायचं नाव घेत नाहीत. पुसली, समोर ठेवली आणि नुसताच बसून राहिलो. शनिवार. रात्रीचे साडेनऊ वाजले आणि हात आपसूक कोपऱ्यातल्या फळीकडे गेला. त्या फळीवर आता वायफायचा डबा आहे. रेडिओ जाऊन वीस वर्षं झाली, पण हाताला कोण सांगणार?

अण्णा म्हणजे वडील. जन्म १९१८ चा, मिरजेचा. पोस्टात कारकून, उरलेल्या वेळात पेटीवाले. कीर्तनाला, भजनाला, गावात नाटक मंडळी उतरली तर तिकडे, आणि ख्वाजा शमना मीरांच्या उरुसात दर्ग्यात गवई हजेरी लावायला येत, त्यांच्यातल्या कुणाचा साथीदार आला नाही तर तिथंही. बोटं तयार होती असं जुने लोक सांगत. मी मुलगा, माझ्या सांगण्याला किंमत नाही.

१९४० साली अण्णा बावीस वर्षांचे. एका गवयाबरोबर मुंबई केंद्रावर साथीला जायचं ठरलं होतं. त्यासाठी काळा कोट शिवून घेतला. आणि १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओनं हार्मोनियम बंद केली. एकल वादन तर नाहीच, साथीलासुद्धा नाही, कुठल्याच केंद्रावर नाही. कोट पुढे लग्नात उपयोगी आला.

याच्यापुढची गंमत ऐका. रेडिओ बाळगायला तेव्हा लायसन्स लागायचं आणि ते पोस्टात मिळायचं. आमच्या पोस्टात ते टेबल अण्णांचं. ज्याच्या घरी रेडिओ, तो वर्षातून एकदा अण्णांपुढं उभा. पंधरा रुपये भरा, पुस्तिकेत तिकीट डकवा, त्यावर ठप्पा. अण्णा म्हणत, "ज्यानं मला उंबऱ्यात उभं केलं नाही, त्याची पट्टी मीच गोळा करतोय."

तरी १९५४ साली त्यांनी जुना मर्फी घेतला. शनिवारी रात्री साडेनऊला दिल्लीहून संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागायचा, दीड तास. जेवणं आधी उरकायची, आई खिडक्या लावून घ्यायची, दिवा मालवायचा. डायलच्या उजेडात अण्णांचं नाक आणि चष्मा तेवढा दिसे. तंबोरे सुरू झाले की अण्णा पेटीवर एक एक पट्टी हलकेच दाबून गवयाचा षड्ज शोधत. सापडला की भाता हलू लागायचा.

आणि मग ते साथ करत. रेडिओतल्या गवयाला. रेडिओवर सारंगी चाललेली असे, आमच्या घरात पेटी. मल्लिकार्जुन मन्सूर, हिराबाई, गंगूबाई, अमीर खाँ, भीमसेन, कुणाला म्हणून सोडलं नाही. गवयाच्या मागं अर्धं पाऊल राहायचं, त्यानं जागा घेतली की भरायची, तान घेतली की गप्प बसायचं. समोर माणूस असता तर जसं वाजवलं असतं तस्संच. शेजारचे देशपांडेकाका एकदा म्हणाले, "काल मन्सूरांना पेटीवाला फार छान मिळाला होता हो." अण्णा आठवडाभर हवेत.

गवयाचा स्वर कधी पांढरी एक आणि काळी एकच्या मधोमध पडायचा. तेव्हा अण्णांची पंचाईत. म्हणून त्यांनी एक दुसरी पेटी केली होती, सगळे सूर, म्हणजे आतल्या पितळी पात्या, बुडाशी खरवडून केसभर उतरवलेले. (सूर बुडाशी खरवडला की उतरतो, टोकाशी खरवडला की चढतो. हे मला सातव्या वर्षी येत होतं, पाढे येत नव्हते.) आज माळ्यावरून निघाली ती हीच, उतरलेली.

तुमच्याकडे रेडिओचं आणि गवयांचं असं काही असेल तर लिहा. झोप येत नाहीये.

---

शेवंती | शनिवार, रात्री ११:४०

देशपांडेकाकांचं वाक्य वाचून हसले आणि मग डोळ्यांत पाणी. पण बंदी का? पेटीनं कुणाचं काय बिघडवलं होतं?

---

जुनं खोड | रविवार, सकाळी ६:०५

का.चा., सकाळचा चहा गार झाला तुमच्यामुळे.

शेवंती, पेटीवर राग बराच जुना होता. ती मुळात फ्रान्समधली, पायानं भाता मारायची. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५ च्या सुमाराला तिला हाताच्या भात्याची करून मांडी घालून बसणाऱ्यांच्या पुढ्यात आणली. पन्नास वर्षांत ती इतकी घरची झाली की परकी होती हेच लोक विसरले. विसरले नाहीत ते दोन प्रकारचे लोक, श्रुतींचे, म्हणजे सुरांमधल्या बारीक सुरांचे अभ्यासक, आणि स्वदेशीवाले.

रेडिओत तिसरे भेटले, साहेब. लायोनेल फील्डन १९३५ साली बीबीसीतून इथं प्रसारणाचे प्रमुख म्हणून आले. १९३६ च्या जूनमध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव पडलं ते त्यांच्याच वेळी. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीत सांभाळायला जॉन फोल्ड्स नावाचे इंग्रज संगीतकार होते, त्यांनी पेटीविरुद्ध मोहीमच उघडली. बिचारे १९३९ मध्ये कलकत्त्याला पटकीनं गेले, बंदी बघायला राहिले नाहीत. शेवटचा धक्का रवींद्रनाथांचा. त्यांनी १९४० च्या सुरुवातीला कलकत्ता केंद्राला पत्र लिहून पेटी हटवायला सांगितलं. एवढी माणसं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला मिरजेचा एक पोस्टातला कारकून.

हे भांडण आपल्याकडचंही आहे, हे मात्र विसरू नका. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, आणि क्लेमंट्स नावाचे न्यायाधीश, या दोघांनी श्रुती दाखवणारी पेटी करवून घेतली आणि १९१६ च्या बडोद्याच्या परिषदेत ती मांडली. संगीतशास्त्रकार भातखंड्यांना ते प्रकरण पटलं नाही. म्हणजे पेटीला बावीस श्रुती शिकवायचा पहिला खटाटोप तुमच्या मिरजेपासून सहा मैलांवर झाला.

---

तातीचा सूर | रविवार, सकाळी ९:३०

अण्णांबद्दल पूर्ण आदर ठेवून विरोधी मत मांडतो. बंदी योग्य होती. पद्धत वाईट, पण मुद्दा बरोबर.

पेटीचा गंधार बाजारातून येतो तेव्हाच चढा असतो. एका स्वरापासून पुढच्या अर्ध्या स्वरापर्यंत शंभर भाग धरले, तर तंबोऱ्यातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो त्याच्यापेक्षा सुमारे चौदा भाग वर. कान तयार असेल तर ते टोचतं. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही, आंदोलन (सुराला हलका झोका) नाही. दरबारीचा गंधार पेटीवर कसा दाखवणार, पट्टी हलवून? गवयाच्या कानात दिवसभर चढा गंधार भरत राहिला की त्याचाही तसाच लागायला लागतो.

आणि बंदीच्या त्या एकतीस वर्षांत, १९७१ पर्यंत, सारंगी जगली, ती रेडिओमुळे. गाणाऱ्या बायकांचे कोठे बंद पडत होते, सारंगिये उपाशी. केंद्रावरची नोकरी हा एवढाच आधार उरला होता. पंडित रामनारायण १९४४ मध्ये लाहोर केंद्रावर लागले, फाळणीनंतर दिल्ली, १९४९ ला मुंबईत. पुढे त्यांनी सारंगी एकट्यानं वाजवायचं वाद्य म्हणून जगात नेली. ती वाट रेडिओच्या दारातून गेली. व्ही. जी. जोगांसारखे व्हायोलिनवालेही केंद्रांवर होते. पेटी असती तर सोयीसाठी सगळ्यांनी तीच घेतली असती. सारंगी जुळवायला पाऊण तास लागतो हो, मुख्य तारा तीन आणि तरफा (खाली आपोआप झणझणणाऱ्या बारीक तारा) पस्तीसच्या वर.

---

काळी चार | रविवार, सकाळी १०:१५

तातीचा सूर, भांडत नाही, कारण अण्णा तुमच्याच बाजूचे होते! त्यांच्या आवडत्या पेटीचे गंधार-निषाद त्यांनी तंबोऱ्यावर कान ठेवून स्वतः उतरवले होते. त्यामुळे ती पेटी एकाच पट्टीत गोड लागायची, दुसऱ्या पट्टीत वाजवली तर कुत्री ओरडायची. आणि ते म्हणत, "सारंगीसारखं वाजत नाही म्हणून पेटीला हाकललं. मग तबला पखवाजासारखा वाजत नाही, त्याला का ठेवला?"

बाय द वे, सारंगी लागली की त्यांचा हात कधीकधी थांबायचा. नुसतं ऐकत बसायचे. भाता उघडा राहिलेला.

---

रेडिओमिस्त्री | रविवार, दुपारी १२:५०

मी गाण्यातला नाही, डबे दुरुस्त करणारा. चाळीस वर्षं केलं. दोन गोष्टी.

मिरजेत रात्री धारवाड लख्ख आणि दुपारी खरखर, असं होत असणार. सूर्य असतो तेव्हा वातावरणाचा एक खालचा थर मध्यम लहरी गिळून टाकतो. सूर्य बुडाला की तो थर विरतो आणि लहरी वरच्या थरावर आपटून लांब जाऊन पडतात. म्हणून रात्री भलभलती केंद्रं लागायची. जुने लोक 'रात्री रेडिओला कंठ फुटतो' म्हणायचे ते अगदी बरोबर.

दुसरं, तातीचा सूर यांच्यासाठी. दोन केंद्रं एकमेकांच्या अंगावर येऊ नयेत म्हणून मध्यम लहरीवर वरचे स्वर कापावे लागतात. साधारण साडेचार-पाच हजार कंपनांच्या वरचं काही घरापर्यंत पोचायचंच नाही. तंबोऱ्याची जवारी (तारांची ती झणझणती गुंज), सारंगीच्या तरफांची चमक, सगळं त्या वरच्या मजल्यावर. म्हणजे ज्या बारकाव्यांसाठी पेटी हाकलली त्यातले निम्मे वाटेतच सांडत होते. गळ्याचा मधला भाग तेवढा भरीव पोचे. त्यामुळे मन्सूर, भीमसेन ही मंडळी मर्फीवर इतकी जवळची वाटत. लाकडाच्या खोक्याचाही हात होता त्यात.

तांब्याच्या जाळीची एरियल अंगणात बांधली होती का? कावळे बसायचे त्यावर.

---

काळी चार | रविवार, दुपारी १:२०

बांधली होती! आणि आई तिच्यावर मोजे वाळत घालायची. अण्णा म्हणायचे, आज धारवाड ओलं लागतंय.

---

पणजीकार | रविवार, दुपारी ३:४५

आमच्या गोव्याचं थोडं सांगतो. आमच्याकडे पोर्तुगीजांचं एमिसोरा द गोवा १९४६ पासून. त्यावर पाश्चात्त्य संगीत भरपूर, आपली गाणीही असत. पण केसरबाई केरीच्या, मोगूबाई कुर्डीच्या, आणि त्यांना ऐकायला गोव्यातल्या माणसानं मुंबईकडे डायल फिरवायची. जितेंद्र अभिषेकीबुवा मंगेशीचे, ते तर मुंबई केंद्राच्या कोकणी विभागात नोकरीलाच होते. घरातलं माणूस परक्या घरातून बोलावं तसं वाटत असणार आमच्या आजोबांना.

रेडिओच्या पहिल्या माणसांची आठवण काढायची तर वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांची काढल्याशिवाय मला उठवणार नाही. नोव्हेंबर १९५५ ते डिसेंबर १९६१, सहा वर्षं, आधी आंबोलीच्या आणि मग कॅसलरॉकच्या रानात ट्रान्समीटर घेऊन दोघं बसली. 'गोंयच्या सोडवणेचो आवाज'. कोकणी आणि पोर्तुगीज दोन्हीतून. पाऊस, जळवा, आणि रोज ठरल्या वेळी हजर. १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय विमानांनी बांबोळीचं पोर्तुगीज प्रक्षेपण केंद्र उडवलं. गोवा सुटल्यावर ह्या दोघांनी विमानातून कर्णा लावून लोकांना बातमी सांगितली. रानातल्या रेडिओवाल्यांनी शेवटची बातमी आभाळातून दिली.

गाण्याशी संबंध नाही म्हणाल तर नाही. पण मला दोन्ही एकाच डब्यातून ऐकू येतं.

---

गिरगावची पोर | रविवार, संध्याकाळी ५:३०

पणजीकार, मग आमच्या उषा मेहतांनाही घ्या. २७ ऑगस्ट १९४२, काँग्रेस रेडिओ, ४२.३४ मीटर. बावीस वर्षांची मुलगी. जागा सारखी बदलत, कारण पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत फिरायच्या. सुटे भाग शिकागो रेडिओच्या मोटवानींकडून. १२ नोव्हेंबरला गिरगावातच, पारेखवाडीत पकडलं. चार वर्षं शिक्षा. आमच्या वाडीपासून चार मिनिटांवर ही जागा, आणि मला ते कळलं लग्न होऊन न्यूजर्सीत आल्यावर. इकडच्या ग्रंथालयात.

अवांतराबद्दल माफी. पेटीकडे परत या.

---

जुनं खोड | रविवार, संध्याकाळी ६:२०

अवांतर कुठं? उलट एक दुवा जोडून देतो. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर 'वंदे मातरम्'साठी आयुष्यभर झगडले. ब्रिटिश अमदानीत मुंबई केंद्रावर गाता गाता त्यांनी ते सुरू केलं, केंद्रानं प्रक्षेपण तोडलं. बुवांनी रेडिओवर बहिष्कार टाकला तो स्वातंत्र्य जवळ येईपर्यंत. एवढ्या मोठ्या गवयानं इतकी वर्षं त्या पैशांवर आणि त्या श्रोत्यांवर पाणी सोडलं. उषाबेनच्या रेडिओचा शेवट रोज त्याच गीतानं होई. एकाच शहरात एक रेडिओ ते गाऊ देत नव्हता म्हणून दुसरा त्यासाठी तुरुंगात गेला, असं म्हणायला हरकत नाही.

आणि पुणेकरांनी उगाच मागं राहू नये म्हणून: १९२१ च्या ऑगस्टमध्ये टाइम्स ऑफ इंडियानं तारखात्याच्या मदतीनं मुंबईच्या कचेरीतून गाण्याबजावण्याचा खास कार्यक्रम हवेत सोडला. फर्माईश गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांची, आणि त्यांनी तो ऐकला पुण्यात बसून. मुंबई केंद्राचं रीतसर उद्‌घाटन त्यानंतर सहा वर्षांनी, २३ जुलै १९२७ ला. म्हणजे 'आपली आवड'चा पहिला श्रोता पुण्याचाच. हा विनोद आहे, मुंबईकरांनी अंगावर येऊ नये.

१९२७ ची ती कंपनी खाजगी होती, तीन वर्षांत बुडाली. दीड किलोवॅटचा ट्रान्समीटर, तीसएक मैलांपलीकडे ऐकू येणार नाही, लायसन्सची फी वर्षाला दहा रुपये आणि ती भरणारे मूठभर. १९३० मध्ये सरकारनं नाइलाजानं गळ्यात घेतली. नाहीतर आज आपण हा धागा काढलाच नसता.

---

नानलपेठ | रविवार, रात्री ८:१०

आमच्या मराठवाड्याचं कुणी नावच घेईना, म्हणून म्या घेतो. निजामाचा रेडिओ होता राव. हैदराबादेत आणि तेव्हाच्या औरंगाबादेत. १ एप्रिल १९५० ला दोन्ही केंद्रं ऑल इंडिया रेडिओत आली. आजा सांगायचा, त्या रेडिओची उर्दू इतकी नाजूक की बातम्यासुद्धा गझलेसारख्या वाटायच्या. कळायचं काही नाही, पण ऐकायचं सगळं.

बाकी 'आकाशवाणी' हा शब्द म्हैसूरचा, हे ठाऊक हाय का? गोपालस्वामी म्हणून मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी १९३५ साली स्वतःच्या घरातून केंद्र चालू केलं, त्याचं नाव आकाशवाणी. सरकारनं पुढं बावीस वर्षांनी ते उचललं.

---

कुंदा | सोमवार, सकाळी ११:००

दोन दिवस वाचतेय. सगळे किती प्रेमानं लिहिताय, म्हणून बोलू की नको असं झालं होतं.

माझी मावशी गायची. चांगली गायची, हे मी सांगत नाही, तिचे गुरुबंधू सांगत. पन्नाशीच्या दशकात डॉ. केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री झाले आणि रेडिओवर गाणाऱ्या सगळ्यांना परीक्षा आली. आधीपासून गाणाऱ्यांनासुद्धा. पडद्याआड बसलेले परीक्षक, पुढ्यात मायक्रोफोन, दिवा लागला की गायचं. परीक्षकांचे प्रमुख रातंजनकरबुवा. मुंबईच्या कलाकारांनी केवढा गदारोळ केला होता, गाण्यात आयुष्य काढल्यावर आता या वयात आम्हाला राग विचारणार का म्हणून. मावशी एका केंद्रावर गेली. रागाचं लक्षण, आरोह-अवरोह विचारले. तिला ते येईना. ती ज्यांच्याकडे शिकली त्यांनी कधी आरोह-अवरोह सांगितलेच नव्हते, चीज शिकवली होती. नापास. घरी आली ती तंबोऱ्याला गवसणी घालूनच. पुढे आम्हाला झोपवताना गुणगुणायची तेवढंच.

आणि मावशीचं परवडलं म्हणावं अशीही दुसरी गोष्ट आहे. स्वातंत्र्याच्या सुमाराला, रेडिओचं खातं सरदार पटेलांकडे असताना, ज्यांचं खाजगी आयुष्य समाजाला मान्य नाही अशा गाणाऱ्यांना रेडिओचं दार बंद केलं गेलं. म्हणजे कुणाला, ते तुम्हाला कळतंय. ज्या बायकांनी हे गाणं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं त्यांनाच. पुरुष गवयांच्या खाजगी आयुष्याची चौकशी कुणी केली होती?

रेडिओनं घराघरांत गाणं नेलं, मान्य. माझेही कान त्यानंच केले. पण ते नेताना दारात कुणाकुणाला थांबवलं ही यादी पेटीवर संपत नाही.

---

शेवंती | सोमवार, सकाळी ११:२५

कुंदाताई, बरं झालं लिहिलंत.

---

तातीचा सूर | सोमवार, दुपारी २:१०

कुंदा यांच्या प्रतिसादापुढे माझे चौदा भाग फार किरकोळ आहेत.

तरी केसकरांची दुसरी बाजू नोंदवतो. माणूस पुण्याचा, धृपद शिकलेला. सिनेमाची गाणी हटवली म्हणून देशानं शिव्या घातल्या आणि सगळा श्रोता रेडिओ सिलोनकडे पळाला. अमीन सायानी १९५२ मध्ये तिथून जे सुरू झाले ते घराघरांत पोचले, आणि १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली, ही हार उघडच आहे. पण शनिवारचा अखिल भारतीय कार्यक्रम १९५२ चा, वाद्यवृंद १९५२ चा, रेडिओ संगीत संमेलन १९५४ चं, हे सगळं याच माणसाच्या काळातलं. ज्या दीड तासात अण्णा पेटी काढून बसत तो दीड तास केसकरांनी दिला. पेटी मात्र त्यांनीही आत घेतली नाही.

---

धारवाडी पेढा | सोमवार, दुपारी ४:३०

मन्सूरअण्णा आमच्या धारवाड केंद्रावर संगीत सल्लागार होते. माझे काका त्या रस्त्यानं शाळेत जायचे. पांढरं धोतर, टोपी, हातात विडी, सावकाश चालत. काकांना वाटायचं हे केंद्रात हिशेब लिहायला असतील. एका रात्री रेडिओवर गाणं ऐकलं, नाव ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यात त्यांना बघून काका पुलाखाली लपले. नमस्कार करायचं धैर्य होईना. हे काका नव्वदीत आहेत, अजून ही गोष्ट सांगताना लाजतात.

का.चा., एक विचारायचं राहिलं. बंदी १९७१ मध्ये उठली ना? मग अण्णा गेले का रेडिओवर?

---

गिरगावची पोर | सोमवार, संध्याकाळी ७:००

हो हो, मलाही हेच विचारायचं होतं.

---

काळी चार | मंगळवार, रात्री १०:५०

काल वाचलं, उत्तर लिहायला आज बसलो.

बंदी उठली तेव्हा अण्णा त्रेपन्न वर्षांचे होते. उठली म्हणजे दार किलकिलं झालं. साथीला चालेल, तीही मान्यता मिळालेल्या वादकांची, एकल वादन नाहीच. अण्णा म्हणाले, "आता कशाला." आईनं काही म्हटलं नाही. सात-आठ वर्षं अशीच गेली. पोस्टातून निवृत्त झाले. मग त्यांच्या एका शिष्यानं परस्पर अर्ज आणला, भरला, नुसती सही घेतली. परीक्षेला गेले. पास झाले.

एका केंद्रावरून बोलावणं आलं. दुपारचं वीस मिनिटांचं गाणं होतं, आमच्याच भागातल्या एका गायकाचं. अण्णांनी नवा कोट शिवला नाही, जुना आता बसत नव्हता. धोतर आणि लांब पांढरा शर्ट. पेटी मी एसटीत मांडीवर घेतली होती. त्यांना फाटकापर्यंत सोडून मी धावत स्टँडजवळच्या हॉटेलात आलो, तिथं रेडिओ होता. घरी आई, बहिणी, देशपांडेकाका, वाड्यातले सगळे आमच्या मर्फीपुढं.

निवेदिकेनं नावं सांगितली. गायकाचं, मग तबलजीचं, मग "हार्मोनियमवर साथ करतायत" आणि अण्णांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. हॉटेलात कुणाला काही नव्हतं, मी मात्र भजी सोडून उभा राहिलो होतो.

मग गाणं सुरू झालं. भीमपलास. गायक छान, तबला छान. पेटी ऐकू येईना.

वीस मिनिटं कान लावून होतो. मायक्रोफोन कुठं ठेवला, कुणी खाली केला, काय झालं मला आजही माहीत नाही. मधेच सुरुवातीला एक षड्ज, आणि शेवटी गायकानं समेवर सोडलं तेव्हा मागं काहीतरी रेंगाळल्यासारखं. बस्स. रेडिओमिस्त्री, तुम्ही म्हणालात ते वरच्या मजल्यावर कापलं जाणं, ते हे नव्हे. हे सगळंच कापलं गेलं होतं.

परतीच्या एसटीत अण्णांनी एकदाच विचारलं, "कशी झाली?" मी म्हटलं, नाव अगदी स्पष्ट आलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. घरी पोचलो तर आई दारात ओवाळणीचं ताट घेऊन. ओवाळलं आणि म्हणाली, "शेवटची जागा काय भरलीत हो." देशपांडेकाकांनी मान डोलावली. वाड्यातले सगळे म्हणाले, अगदी अगदी.

अण्णांनी ओळखलं असणार. चाळीस वर्षं पट्टी पारखणारा माणूस. पण काही बोलले नाहीत. पुढच्या शनिवारी साडेनऊला दिवा मालवला आणि भाता उघडला.

---

शेवंती | मंगळवार, रात्री ११:१५

…

---

रेडिओमिस्त्री | बुधवार, सकाळी ७:४०

साहेब, भाता बदलून मिळेल. चामड्याची पट्टी आणि आतली घडी दोन्ही नवी लागेल, उंदरांनी खाल्लंय म्हणजे जोडकाम टिकणार नाही. बसलेल्या दोन पट्ट्यांच्या खालच्या स्प्रिंगा गंजल्या असतील, जोर लावून उचकटू नका. एकच सांगून ठेवा कारागिराला, सूर लावायला घेऊ नको. नाहीतर तो तुमची उतरलेली पेटी बाजारासारखी सरळ करून परत देईल.

---

काळी चार | बुधवार, सकाळी ८:०२

हे बरं सांगितलंत. चिठ्ठी लिहून आतच चिकटवतो. मिरजेत भाता बदलणारं अजून कोण आहे, सतारमेकर गल्लीत चौकशी करतो आज.